मायचं नाक

आमच्याकडे कुठलंही भांडं चुलीवर चढण्याआधी मायच्या नाकाखालून जायचं. पाण्याचा तांब्या, दुधाचा गंज, शेजारणीकडून आलेली ताकाची वाटी, काहीही असो, आधी हुंगायची आणि मग वापरायची. शाळेतून येताना मी कोणाच्या बांधावरची बोरं खाल्ली हे तिला मी उंबऱ्यात पाय टाकताच कळे, आणि बाबांनी बिडी ओढून निंबाचा पाला चघळला तरी त्याचा उपयोग नसे. तिची ही पारख बाबांना जाच वाटायची. "तुह्या मायपासून चोरून श्वास बी घेता येत नाही," असं ते मला म्हणत आणि मग दोघंही हसत. घर दोन खोल्यांचं, मागे परसात चूल, एक म्हैस आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्या. आज त्या घराची आठवण काढते तेव्हा मला ते दिसत नाही, त्याचा वास येतो. सारवलेल्या जमिनीचा, ओल्या काड्यांच्या धुराचा, हिंग पडलेल्या तेलाचा. डोळ्यांनी पाहिलेलं मी पुष्कळ विसरले आहे.

पण गावात मायचं नाव होतं ते मसाल्यामुळे. लग्न असो की तेरवी, भाजीचा काळा मसाला भाजायला बोलावणं मायला. सामान त्यांचं, चूल त्यांची, उलथनं मात्र मायच्या हातात. खोबरं, तीळ, खसखस, दगडफूल, तमालपत्र, लवंगा, ज्याचं त्याचं वेगळं भाजायचं आणि सगळ्यांत शेवटी धने. सगळा मसाला धन्यांवर उभा असतो, असं ती म्हणे. कच्चे राहिले तर भाजीला हिरवट वास मारतो, पुढे गेले तर रस्सा कडू होतो, आणि मधली खमंग वेळ फार थोडी. धने मुळातच तपकिरी, त्यात चुलीचा धूर, त्यामुळे डोळ्यांना ती वेळ सापडत नाही. मायला ती नाकानं कळायची. तिची एक सवय होती. भाजता भाजता मध्येच उलथनं कोणाच्या तरी हातात देऊन ती उठायची, बाहेर निंबाखाली जाऊन उभी राहायची, पदरानं तोंड पुसायची आणि परत येऊन बसायची. बायका म्हणत, गंगाबाईला धूर सोसत नाही. ती पण हो म्हणायची. खरं कारण तिलाही माहीत नसावं. तिची माय तसं करायची म्हणून ती करायची.

जैबुनखाला आमच्या शेजारची, भिंतीला भिंत लागून. नवरा वारल्यावर तिनं धाड गावच्या बाजारात मिरची-मसाल्याचं दुकान लावायला सुरुवात केली. बाजाराच्या दिवशी जीपच्या टपावर पोती टाकून जायची आणि दिवेलागणीला तिखटानं शिंकत परत यायची. तिची आणि मायची गट्टी अशी की एकीच्या घरात भांडण झालं तर दुसरीच्या घरात जेवण व्हायचं. तिची मुलगी शबाना माझ्याहून थोडी मोठी. आमच्या गावात मुसलमानाच्या घरी लग्न निघालं की त्यांच्या बिरादरीचं जेवण वेगळं शिजतं आणि गावच्या हिंदू मंडळींसाठी वेगळ्या चुलीवर वांग्याची भाजी, वरण, भात होतो. ती चूल हिंदू बाईच्या हाती असते. शबाना परकरात होती तेव्हापासून खाला म्हणायची, "हिच्या लगनात गावची चूल गंगाची. दुसऱ्या कोनाले हात लावू देनार नाही मी." माय म्हणायची, "तू पोरगी उजव तं सही."

त्या सुमाराला गावात बीटी कपाशीचं बियाणं आलं. चावडीवर, पारावर, एसटीच्या थांब्यावर एकच बोलणं, की आता बोंडअळी गेली आणि फवारणीही गेली. पाकिटं आणताना बाबांचा चेहरा सोयरीक जुळल्यासारखा खुलला होता. पण अळी खात नाही म्हणून काय झालं, मावा आणि तुडतुडे कोणाचं ऐकतात? पानं कडेनं लाल पडून मुडपायला लागली आणि बाबांनी पुन्हा पंप पाठीवर घेतला. त्या कामात प्रत्येकाची जागा ठरलेली होती. बाबा पिकाच्या तासांतून पंप मारत जायचे, मी विहिरीवरून पाणी आणायची आणि माय धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून ड्रमात औषध कालवायची. विषाला आम्ही औषधच म्हणायचो, अजूनही म्हणतो. काडी हाताशी असली तर काडीनं, नसली तर सरळ कोपरापर्यंत हात घालून ती ते ढवळायची. तोंडाला पदर बांधावा तर जीव घुसमटतो म्हणून तोही सोडून टाकायची. सगळ्या गावच्या बाया तसंच करत होत्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती शेतातून डोकं धरूनच आली. डोळे लाल, नाकाला धार. "सर्दी झाली," म्हणाली आणि पडून राहिली. सणाचं पुरण मी आणि खालानं मिळून घातलं. सर्दी गेली, माय उठून कामाला लागली. ती जेवताना मीठ-तिखट वरून घ्यायला लागली होती, पण तिकडे माझं लक्ष नव्हतं. मग एक दिवस मी शाळेतून आले तर वाटेवरच करपट वास. परसात गेले. माय अंबाडीची पानं खुडत बसली होती, आणि तिच्या पाठीमागे, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर, चुलीवरची डाळ जळून तिचा कोळसा झाला होता.

"माय, डाळ जळून राह्यली न!"

ती वळली. आधी गंजाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. गंज उतरवून तिनं तो नाकाजवळ नेला, इतका जवळ की मला वाटलं भाजेल. पुष्कळ वेळ ती श्वास ओढत राहिली.

"मले वास येऊन नाही राह्यला," ती म्हणाली. "कायचाच."

"कधीपासून?"

"त्या सर्दीपासून. वाटलं येईन आज ना उद्या." मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, "कोनाले सांगजो नोको. तुह्या बाबाले बी नाही, खालाले तं मुळीच नाही. शबानाचं लगन ठरलं हाय. मी शबूद देला हाय तिले."

मी आज तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. नाकाचं प्रकरण आलं की फळ्यावर आकृती काढते आणि पोरं ती उतरवून घेतात. नाकाच्या आत अगदी वर, टिकलीएवढ्या ओल्या जागेत वासाच्या मज्जापेशी असतात. त्यांच्या टोकाला बारीक तंतू, आणि त्या तंतूंमध्ये प्रथिनं रोवलेली. प्रत्येक प्रथिनाला एक खोबण. धन्याचा वास म्हणजे धन्यातून उडालेले रेणू. त्यातला एखादा आपल्या मापाच्या खोबणीत जाऊन बसला की ते प्रथिन अंग किंचित मुरडतं, पेशीची दारं उघडतात आणि मेंदूकडे निरोप निघतो. माप अगदी काटेकोर नसतं. एकाच खोबणीत थोडेफार सारखे असलेले बरेच रेणू बसतात. कोणकोणत्या खोबणी एकदम भरल्या त्यावरून मेंदू ठरवतो, हे धने, हे जिरे. मी पोरांना हेही सांगते की शरीरातल्या बहुतेक मज्जापेशी मेल्या की मेल्या, पण वासाच्या पेशी मरतात आणि त्यांच्या मुळाशी नव्या उगवतात. मायच्या का उगवल्या नाहीत, हे पुढे मी तिला बुलढाण्याला नेऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वास सर्दीनंही जातो, फवारणीच्या औषधानंही जातो, मुळंच जळाली असतील तर काही करता येत नाही. आणि दोन्हीतलं नक्की काय, ते आता कळायचं नाही.

बोंडं धरायच्या दिवसांत कृषी सहायक आमच्या शेतात सापळे लावायला आला. बियाणं खात्रीचं नसेल तर अळी येऊ शकते, म्हणून लक्ष ठेवायचं. काडीला बांधलेली प्लास्टिकची लांब पिशवी, वर टोपीसारखं झाकण आणि झाकणाच्या आत शेंगदाण्याएवढी रबराची गोळी. ह्याला कामगंध सापळा म्हणतात हे तो बायांसमोर भर्रकन बोलून गेला आणि स्वतःच लाजला. गोळीला मादी पतंगाचा वास लावलेला असतो, नर त्या वासावर येतो आणि पिशवीत पडतो, असं त्यानं समजावलं. गोळीचं पाकीट पाहायला म्हणून मायच्या हातात आलं. सवयीनं ते तिच्या नाकाकडे गेलं आणि तिचा चेहरा उतरला. सगळ्यांदेखत आपण काहीतरी बोलून बसू, अशी भीती मला तिच्या डोळ्यांत दिसली. तेवढ्यात बाबांनी पाकीट घेतलं, हुंगलं आणि म्हणाले, "साहेब, बोगस माल दिसते. वासच नाही याले." मग पाकीट हातोहात फिरलं. शेजारच्या शेतातल्या बायांनी हुंगलं, मी हुंगलं. कोणालाच काही येईना. सहायक हसून म्हणाला, "माणसाला तो येतच नाही. फक्त त्याच्या नराला येतो."

तेव्हा माय हसली. पोळ्यानंतर पहिल्यांदाच मी तिला तसं खदखदून हसताना पाहिलं. बाबांना कळेना एवढं हसण्यासारखं काय झालं. मला कळलं होतं, आणि म्हणून मला रडू येत होतं. त्या घडीभर अख्ख्या शेतात कोणाचंच नाक तिच्याहून चांगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी सापळा पाहायला गेलो. पिशवीच्या तळाशी मातकट रंगाचे पतंग फडफडत होते. माय वाकून बघत राहिली. "एवढुशा किड्याले येते," म्हणाली, "अंधारात, कुठून कुठून येते." पतंगाच्या मिशांवर बारीक केस असतात, पोकळ. वासाचा रेणू तेलकट, केसाच्या आतलं पाणी त्याला पार होत नाही. तिथे एक प्रथिन त्याला उचलून घेतं, पाण्यातून पलीकडे नेतं आणि मज्जापेशीवरच्या दुसऱ्या प्रथिनाजवळ सोडतं. हे दुसरं प्रथिन आपल्यासारखं चारचौघांना घेणारं नाही, त्याला मुख्यतः आपल्या जातीच्या मादीचाच रेणू लागतो. नराला तो थोडाच मिळाला तरी पुरतो. हे सगळं मी फार नंतर शिकले. त्या सकाळी मी नुसती मायच्या पाठीवर हात ठेवून उभी होते.

लग्न जवळ आलं तशी मायनं युक्ती काढली. "तू माह्या बाजूले उभी राह्य. खमंग वास सुटला का पदराले हिसका दे. मी कढई उतरवीन." आम्ही घरी सराव केला. ती मूठभर धने कढईत टाकायची, मी पदर धरून उभी राहायची. हिसका दिला की ती उतरवायची, दोन दाणे चावून पाहायची आणि मान डोलवायची. आठवडाभर रोज. एकदाही चुकलं नाही. मायच्या चेहऱ्यावर रंग आला. मलाही वाटायला लागलं की झालं, निभावलं. मूठभर धने भाजायला वेळ तो किती लागतो, आणि पंगतीचे धने म्हणजे काय, याचा विचार आम्हा दोघींपैकी कोणीच केला नाही.

लग्नाच्या दिवशी खालाच्या परसात ताडपत्रीच्या आडोशाला चूल पेटली. कढई एवढी की त्यात मी बसले असते. बाहेर लाऊडस्पीकर, पोरांचा कालवा, शबानाच्या मेंदीचा आणि दुसऱ्या बाजूला शिजणाऱ्या बिरादरीच्या देगांचा वास. मी पदर धरून उभी राहिले. खोबरं झालं, हिसका. तीळ, हिसका. खसखस, लवंगा, सगळं बरोबर. बायका म्हणाल्या, पोरगी काही मायला सोडत नाही. मग धने पडले. एक घाणा उतरला, दुसरा उतरला, तिसरा चढला. धुरानं डोळे चुरचुरत होते आणि मला वास येत होता तो तसाच, एकसारखा, मंद. मी थांबले. मायनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, अजून नाही. ती हलवत राहिली. तिनं परत पाहिलं. अजून नाही.

खाला मांडवाकडून आली आणि ताडपत्री बाजूला करताच ओरडली, "अगं माय वं, जळ्ळं!"

आज मला माहीत आहे काय झालं. तेच रेणू येऊन येऊन तीच प्रथिनं सारखी भरत राहिले की मज्जापेशी निरोप धाडणं कमी करत जाते. नाक शाबूत असतं, पण दमतं. मोकळ्या हवेत जाऊन आलं की पुन्हा जागं होतं. माय मध्येच उठून निंबाखाली जायची ते यासाठी. वास गेल्यावर नाक दमल्याचं तिला जाणवेनासं झालं आणि ती जागची हलेनाशी झाली. जी गोष्ट तिला स्वतःला शब्दांत माहीत नव्हती ती ती मला कुठून सांगणार होती? आणि खाला बाहेरून आली म्हणून तिला दारातच कळलं.

खाला ओरडली तरी मायचा हात चालूच होता. तिनं वळून आधी खालाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, काय जळलं म्हणून. तो चेहरा पाहून खाला समजली. बायकांना तिनं काहीतरी कामं सांगून बाहेर घालवलं आणि चुलीपाशी बसली.

"कधीपासून वं?"

"पोळ्यापासून."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू दुसरीले बोलावलं असतं."

"बोलावलं असतं न! अन् तुले बाजूले बसवलं असतं. चूल तुहीच राह्यली असती, गंगा. मले नाक पाह्यजे होतं का तू पाह्यजे होती?" खालाचा आवाज फुटला. पण मुलीचं लग्न होतं, रडायला सवड नव्हती. तिनं दुकानाचं पोतं सोडलं, नवे धने ओतले आणि स्वतः कढईवर वाकली. करपण्याच्या धास्तीनं तिनं ते लवकर उतरवले.

पंगत बसली. भाजी काही वाईट झाली नव्हती, लोक जेवले, पुन्हा पुन्हा मागूनही घेतली. माय बादली घेऊन वाढत होती. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "गंगाबाईचा हात नाही हा. मसाला इकतचा दिसते." मायनं ते ऐकलं. त्याच्याच पत्रावळीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "घ्या बापा, अजून घ्या." त्यानंतर तिला कोणी मसाल्याला बोलावलं नाही. आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती.

संध्याकाळी शबाना सासरी गेल्यावर आम्ही घरी आलो. बाबा म्हशीकडे होते. मायनं मला विचारलं, आवाजात राग नव्हता, "जळत होतं तं हिसका काऊन नाही देला?"

"मले आलाच नाही, माय. जळल्याचा वास."

ती उभी होती ती खाली बसली. मी पाणी आणायची, मी त्याच ड्रमापाशी उभी असायची, हे तिच्या डोक्यात आलं असणार. तिनं मला ओढून समोर बसवलं आणि पदरानं माझे डोळे बांधले. मग मला फक्त डबे उघडल्याचे, तिच्या बांगड्यांचे आवाज येत राहिले आणि नाकाखाली एकेक वस्तू येत राहिली.

"हे काय हाय?"

"हिंग."

"हे?"

"लसूण."

"हे? सांग लवकर."

"रॉकेल. हा साबन. ही बाबाची बिडी."

प्रत्येक उत्तराला तिचा श्वास सुटल्याचं ऐकू यायचं आणि तरी तिचं समाधान होईना. दह्याची वाटी, तुळस, देव्हाऱ्यातली उदबत्ती, घरात होतं नव्हतं ते सगळं तिनं आणलं. मग काही उरलं नाही तेव्हा तिनं आपला तळहात माझ्या नाकाला लावला.

"आन् हे?"

"तुहा हात."

"वास कायचा येते त्याले?"

मी हुंगलं. "धन्याचा. हळदीचा." आणि मग जे होतं ते सांगितलं. "अन् औषधाचा."

हात बाजूला झाला. मी पदर सोडला तेव्हा ती तळहात दिव्याजवळ धरून पाहत होती. शेवटचं औषध कालवून तेव्हा कितीतरी दिवस झाले होते, मधे साबणानं, राखेनं तिनं तो हात धुतला होता. तिला वाटलं होतं तो स्वच्छ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पंप काढत होते. पाला पुन्हा लाल पडायला लागला होता. मी बादली उचलली तर मायनं ती माझ्या हातातून घेतली.

"हे पोरगी आजपासून ड्रमापाशी येनार नाही," तिनं बाबांना सांगितलं. "शाळेत जाईन."

"मंग पानी कोन आनंन? औषध कोन कालवंन?"

"मी हाय न. पानी बी मी आनीन, कालवीन बी मी."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आदल्या रात्री ती त्यांच्याशी सगळं बोलली होती. "तुले तरास होते न त्याचा," ते हळूच म्हणाले.

"आता कायचा तरास?" माय म्हणाली. "आता मले त्याचा वासच येत नाही."

बाबांनी मान डोलावली. माय बादली घेऊन त्यांच्या मागे निघाली आणि मी दप्तर उचललं. पुढे कितीतरी पावसाळे औषध तिनंच कालवलं. त्या सकाळी तिचं म्हणणं आम्हा तिघांनाही पटलं होतं.